सर्किटाखालच्या गप्पा

आमच्या वेबसाइटला कुणी जुनाट म्हटलं की माझं डोकं फिरायचं. जुनाट होतीच ती, मलाही ते दिसत होतं. पिवळ्या पट्टीवर निळी अक्षरं, कोपऱ्यात उगाचच उघडझाप करणारा एक बल्ब, आणि एखादा फोटो उघडेपर्यंत समोरच्या हॉटेलातून चहा पिऊन परत यावं. पण आपल्या घराला आपण नावं ठेवणं वेगळं आणि पाहुण्याने ठेवणं वेगळं. पाहुण्याला मी दुकानाची पायरी दाखवत असे.

दुकान मालवणच्या बाजारात, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं. घरचा धंदा मासेमारीचा. दादा होडी घेऊन समुद्रावर जायचा आणि मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून सोल्डरिंग गन आणि मीटर घेऊन बसले होते. पहिली काही वर्षं लोक टीव्ही घेऊन यायचे आणि विचारायचे, "मेकॅनिक खंय गेलो?" मी टीव्हीचं मागचं झाकण उघडायला घ्यायची. हळूहळू विचारणं बंद झालं.

वेबसाइट सुरू केली ती मी आणि माझ्या एका वर्गमित्राने. तो पुण्याला सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागला होता. सर्किटं मराठीत कुठेच मिळत नाहीत ही आमची दोघांची जुनी तक्रार. इंग्रजी पुस्तकात जे छापलेलं असतं ते आमच्या किनाऱ्यावर चालत नाही ही माझी एकटीची. इथल्या खाऱ्या हवेत तांब्याचा पट्टा एका पावसाळ्यात हिरवा पडतो, हे पुस्तक लिहिणाऱ्याला कोण सांगणार? म्हणून त्याने फुकट जागा देणाऱ्या एका कंपनीकडे पान उघडलं, मी त्यावर सर्किटं टाकायला लागले, आणि खाली लोकांना उत्तरं लिहायची सोय ठेवली.

लोक आले. वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यातला वायरमन आला, कुडाळचे एक निवृत्त शिक्षक आले, मुंबईला गिरगावात राहून गावच्या पंपाची काळजी करणारे आले. सर्किट एक हात आणि त्याखालच्या गप्पा दहा हात, असं प्रत्येक पानाचं झालं. कुणी विचारायचं, हा ट्रान्झिस्टर मिळत नाही, दुसरा चालेल का. दुसरा सांगायचा, चालेल, पण पाय उलटे आहेत. मग तिसरा कुणी बांगडा काय भावाने गेला ते विचारायचा, आणि त्याच ओळीत जाता जाता लिहायचा की त्याच्याकडे तो ट्रान्झिस्टर तापून गेला. मला त्या गप्पा फार आवडायच्या. दिवसभर लोकांच्या टीव्हीतली झुरळं काढल्यावर सायबर कॅफेत जाऊन त्या वाचणं ही माझी चैन होती.

त्यातलं सगळ्यात लांबलचक पान होतं होडीत पाणी शिरल्याचा इशारा देणाऱ्या भोंग्याचं. सर्किट अगदी साधं. होडीच्या तळाशी पितळेचे दोन स्क्रू, जरा अंतर ठेवून लावायचे. पाणी चढून दोन्ही स्क्रूंना लागलं की त्यातून वीज जाते आणि वरचा भोंगा वाजतो. खारं पाणी वीज छान नेतं, त्यामुळे आमच्याकडे ते गोड्या पाण्यापेक्षा चांगलं चालायचं. पहिला भोंगा मी दादाच्या होडीला लावला. परातीत समुद्राचं पाणी घेऊन वाजवून दाखवला तेव्हा वाडीतली माणसं बघायला आली होती, आणि मी जरा भाव खाल्ला.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली. थोड्याच दिवसांनी धक्क्याजवळ बांधलेल्या होडीत फळीच्या सांध्यातून पाणी शिरलं, इंजिन बुडालं आणि भोंगा गप्प. मी बॅटरी तपासली, तारा तपासल्या, सर्किट बाहेर काढून टेबलावर वाजवलं. व्यवस्थित वाजलं. शेवटी होडीत वाकून स्क्रूंना हात लावला तेव्हा बोटाला गुळगुळीत लागलं.

"दादा, ह्येका काय लावलंस?"

"तेल," दादा म्हणाला. "होडयेचो खंयचोव भाग सुको ठेवतत काय? खारा पाणी खाता सगळा. तुझ्या स्क्रूकव लावलंय, दोन हात."

हंगामाआधी होडीला काजूच्या टरफलांचं तेल लावायचं, हे आमच्याकडे देवाला दिवा लावण्याइतकं ठरलेलं. लाकडाला कीड लागत नाही, पाणी मुरत नाही. तळ, फासळ्या, वल्ही, सगळ्यावर कुंचा फिरतो. हे तेल वाळलं की त्याचा घट्ट पापुद्रा धरतो, आणि त्यातून वीज जात नाही. दादाने माझ्या स्क्रूंवर अगदी मायेने दोन हात दिले होते. बहिणीची वस्तू गंजू नये म्हणून. मला रागावताही येईना.

मी हे सगळं त्या सर्किटाखाली लिहिलं. वाचून लोक पोट धरून हसले आणि मग कामाला लागले. वेंगुर्ल्याच्या वायरमनने लिहिलं, स्क्रू भोकं पाडलेल्या पाइपच्या तुकड्यात बसवा, म्हणजे कुंचा पोचणार नाही. कुडाळच्या गुरुजींनी सांगितलं, पितळ झिजतं, बॅटरीच्या जुन्या सेलमधल्या कोळशाच्या कांड्या वापरा. तारकर्लीच्या एकाने लिहिलं की तो होडी सोडण्याआधी रोज तांब्याभर समुद्राचं पाणी तळात ओततो, वाजला तरच दोरी सोडतो, आणि नाही वाजला तर बायकोला शिव्या देतो. त्यावर कुणाच्या तरी बायकोने चार ओळी लिहिल्या होत्या, त्या मी इथे देत नाही.

पुढे आम्हाला फुकट जागा देणाऱ्या कंपनीने कळवलं की वर्ष संपताना सगळं बंद होणार. मित्राचा फोन आला. तो म्हणाला, रडत बसण्यापेक्षा नवीनच बांधू. स्वतःची जागा घेऊ, युनिकोड आणू, म्हणजे मराठी कुठल्याही संगणकावर दिसेल, खास फॉन्ट टाकायला नको. शोधायची सोय, फोटो, चांगल्या सर्किटाला तारे. मला पटलं. खरं सांगायचं तर मी हरखले होते.

मे महिन्यात तो आंबे खायला घरी आला तेव्हा लॅपटॉप घेऊन दुकानात बसला आणि अर्धी झालेली नवी साइट दाखवली. देखणी होती. पांढरंशुभ्र पान, वर सर्किट, बाजूला लागणाऱ्या वस्तू, खाली तारे. मी खाली खाली जात राहिले आणि पान संपलं.

"गप्पा खंय?" मी विचारलं.

आमचं एरवीचं बोलणं मालवणीत. पण संगणकाचा विषय निघाला की तो प्रमाण मराठीत जायचा, जणू समोर साहेब बसलाय. "हे बघ," तो म्हणाला, "जुना मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे. प्रोग्रॅमने बदलला तरी निम्मी अक्षरं फुटतात. सर्किटं मी एकेक बसून सुधारली. ते उत्तरांचं जंगल कोण सुधारणार? आणि त्यात आहे काय? पाऊस, मासे, चतुर्थीला कधी येणार. नवीन माणसाला सर्किट हवं असतं."

"त्या भोंग्याखाली काय आसा ता वाचलंस काय तू?"

"वाचलं होतं. मजेदार आहे."

मजेदार या शब्दाने मला तिडीक गेली. मी त्याला बरंच सुनावलं. त्यानेही ऐकवलं की रोज ऑफिसमधून आल्यावर तो हे काम करतो, मी नुसती नावं ठेवते. ते खोटं नव्हतं. नवी साइट त्याने तशीच लोकांसाठी उघडली, जुनी तोवर चालू राहील म्हणाला, आणि आंब्याची पेटी घेऊन पुण्याला गेला.

लोकांना नवी साइट आवडली हे मला कबूल करावं लागलं. पूर्वी जे बिचकायचे ते आपल्या कामाचे फोटो टाकायला लागले. जुन्या साइटकडे कुणी फिरकेना. आणि आषाढ सरता सरता एका नव्या सभासदाने त्या भोंग्याचा फोटो टाकला.

मिठबावचा माणूस होता, एवढं त्याने लिहिलं होतं. नारळाच्या झापांच्या मांडवाखाली ओढून ठेवलेली होडी, आतल्या फळीला नीट बसवलेली डबी, तळाशी दोन स्क्रू. काम फार सुबक. खाली त्याने रोमन अक्षरांत मालवणी लिहिलं होतं की सगळं बसवलंय, वरून तेलाचे तीन हात दिलेत, आता पुनवेची वाट. फोटोत स्क्रू काळेभोर चमकत होते. त्याच्या होडीला बऱ्याच जणांनी पाच पाच तारे दिले होते.

मी लगेच त्याला साइटवरून निरोप धाडला की स्क्रूंचं तेल खरवडून काढा आणि पाणी ओतून बघा. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. त्याचा फोन नंबर साइटवर नव्हता, मित्रालाही ठाऊक नव्हता. तो देवगडच्या कॅफेत कधीतरी येत असणार, आणि त्या दिवसांत पावसाने देवगडकडची वीज सारखी जात होती. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. दादाची होडी धक्क्याला बांधलेली असताना भरली होती. हा माणूस भोंग्याच्या भरवशावर खोल समुद्रात जाणार, आणि तळात पाणी चढत असताना वर जाळं ओढत राहणार.

दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पावसात खंय जातंस गो? त्येका गावात कोणय सांगतलो."

"कोण सांगतलो? हंयसर फक्त आमका म्हायत आसा," मी म्हटलं आणि दुकान बंद करून आचऱ्यावरून देवगडला जाणारी एसटी पकडली.

मिठबावच्या स्टॉपवर उतरून मी विचारलं, होडीला भोंगा बसवलेला माणूस कुठे राहतो. दुकानदाराने वाट दाखवली आणि पुढे शोधत बसावं लागलं नाही, कारण वाडीत सगळ्यांना त्याचा भोंगा ठाऊक होता. माणूस माझ्यापेक्षा वयाने मोठा, काही वर्षं गोव्यात ट्रॉलरवर काम करून आलेला. मी कोण ते सांगितल्यावर तो उठून उभा राहिला.

"म्हणजे ता सर्किट तुमी घातलात?" तो म्हणाला. "येवा, बसा. मी समजत व्हतंय कोणतरी पुण्यातलो बाबा आसतलो."

त्याची बायको चहा घेऊन आली. मी चहा घेतला आणि म्हटलं, आधी होडी बघू. एक बादली समुद्राचं पाणी मागितलं. त्याने ते हौसेने स्वतः आणलं, वाजवून दाखवायचं म्हणून. शेजारचे दोघे-तिघेही आले. त्याने बादली तळात ओतली. पाणी स्क्रूंच्या वर चढलं.

काहीच वाजलं नाही. झापांवर पाऊस पडत होता तेवढाच आवाज.

त्याने डबीचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं. मग बॅटरीच्या तारा दाबून बघितल्या. मी पर्समधून पॉलिश पेपरचा तुकडा काढून त्याच्या हातात दिला आणि स्क्रू दाखवले. तो खाली वाकला आणि पाण्यातच घासू लागला. पितळ पिवळं दिसायला लागलं आणि भोंगा असा काही केकाटला की शेजारचा एकजण मागे सरला आणि बाकीचे हसले. तो मात्र हसला नाही. तो तसाच गुडघ्यावर बसून राहिला, भोंगा वाजत असताना.

बायकोने हात पुढे करून बटण बंद केलं. "आमचो झील पण जाता ह्येंच्यावांगडा," ती म्हणाली. त्यांचा मुलगाही त्याच होडीवर जायचा.

मी त्यांना सगळं सांगितलं. दादाचं तेल, वेंगुर्ल्याचा पाइप, कोळशाच्या कांड्या, तारकर्लीकराचा रोजचा तांब्या. तो लक्ष देऊन ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "ह्या सगळा तुमका म्हायत व्हता. मगे सायटीर लिवक कित्याक नाय?"

"लिवलला होता. जुन्या सायटीर."

"मी नवीन बघलंय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती.

त्याची बायको माझ्याकडे बघत होती. "तू इलंस म्हणान बरा झाला गो बाय," ती म्हणाली. "दुसऱ्या खंयच्या गावात कोणी असोच लावलो तर त्येका सांगूक कोण जातला?"

एसटीत बसल्यावर मी रडले. भीतीने की रागाने ते मला आजही नीट सांगता येत नाही. आचऱ्याच्या पुढे आल्यावर डोळे पुसले आणि काय करायचं ते ठरवलं.

मालवणला उतरून आधी एसटीडी बूथवर गेले आणि मित्राला ऑफिसात फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. मी सांगितलं, बाहेर बोलवा, मी थांबते. तो आला. मी त्याला घडलं तसं सांगितलं. तो म्हणाला, "मी आजच त्या सर्किटात एक ओळ घालतो. स्क्रूला तेल लावू नये."

"घाल. आणि बाकीच्या सर्किटांत खंयची ओळ घालतलंस?"

"म्हणजे?"

"पंपाच्या सर्किटाखाली काय आसा? इन्व्हर्टरच्या खाली? तुका म्हायत नाय, माकाय म्हायत नाय. लोकांचा काय काय जळला ता सगळा त्या गप्पांत आसा. माशांच्या भावात गुंतलला. ता येगळा काढूक आधी सगळा वाचूक होया."

या वेळी तो मालवणीत बोलला. "अगो, पण फॉन्ट फुटतत. वरसभर बसलंव तरी पुराचा नाय."

"मी टाइप करतंय. हातान."

तो हसला नाही, हे त्याचं मला बरं वाटलं. म्हणाला, खाली उत्तरांची जागा मी करून देतो, पण मजकूर तू आण. ठरलं.

मी दोन्ही साइटवर एकच निरोप लिहिला. मिठबावला काय झालं ते सांगितलं, त्या माणसाचं नाव-गाव न देता, आणि म्हटलं की वर्ष संपायच्या आत जुन्या सगळ्या गप्पा नव्या घरात न्यायच्या आहेत, ज्याला जमेल त्याने एक पान उचला. मला वाटलं होतं, चार माणसं हो म्हणतील आणि दोन करतील. गुरुजींनी पंपाची पानं घेतली आणि लोकांचं शुद्धलेखन सुधारायला लागले, तेव्हा त्यांना हात जोडून थांबवावं लागलं. वेंगुर्ल्याच्या वायरमनला टायपिंग येत नव्हतं, तर तो कॅफेवाल्याला वाचून दाखवायचा. मुंबईच्या लोकांनी ऑफिसचा वेळ फुकट घालवून कितीतरी पानं आणली, त्यांच्या साहेबांची क्षमा असावी.

भोंग्याचं पान मी कुणाला दिलं नाही. एका बाजूला जुनं पान उघडायचं, दुसऱ्या बाजूला नवं, आणि ओळ ओळ लिहायची. चतुर्थीत घरी पाहुण्यांची जत्रा होती, मोदकांचे हात धुऊन मी कॅफेत जाऊन बसायची. आई म्हणायची, देव घरात आणि ही बाजारात. मासळीचे भाव, शिव्या, त्या बाईच्या चार ओळी, सगळं जसंच्या तसं उतरवलं. गाळायचं काय आणि ठेवायचं काय हे ठरवणारी मी कोण, असं मनाशी पक्कं केलं होतं. बोटं दुखायची आणि मला त्याचं समाधान वाटायचं.

नाताळच्या सुट्टीत मित्राचा फोन आला. जुन्या साइटवर आता आणायचं काही उरलं नव्हतं. त्याने सगळं पुन्हा एकदा तपासलं होतं. एक शंका होती म्हणाला. मिठबावच्या होडीचा तो फोटो अजून भोंग्याच्या पानावर होता, तारे लागलेला. तो काढून टाकावा का? चुकीचं काम आहे, उद्या कुणी बघून तसंच करेल, आणि त्या माणसालाही ते बरं दिसत नसेल. मलाही तेच वाटलं. मी म्हटलं, त्याला विचारून काढ.

उत्तर आलं ते मिठबावच्या माणसाने थेट पानावरच लिहिलं होतं, सगळ्यांना दिसेल असं, फोटोच्या खाली, गप्पांच्या अगदी सुरुवातीला. रोमन अक्षरं मी सरळ करून देते.

"माझो फोटो काढू नकात. तारे काढा. मी चांगला केलंय म्हणान तेल लावलंय, आणि वाजूक नाय. मी आणि माझो झील तसेच भायर जातलो व्हतो. हो फोटो हंयसरच ऱ्हवांदेत, म्हणजे माझ्यासारखो काम नीट करणारो माणूस तो बघून थांबात."